मेमी क्लार्कवर सेमिनार देणार असाल तर असं करा

सायकॉलॉजीवाल्यांनो, डॉल टेस्टवर (बाहुल्या दाखवून कृष्णवर्णीय मुलांच्या मनातली वंशाची जाणीव तपासणारा अमेरिकेतला प्रयोग) पीपीटी बनवताना पहिल्या स्लाईडवर केनेथ क्लार्क आणि खाली बारीक अक्षरात 'व पत्नी' असं प्लीज नका करू, ती पत्नी म्हणजेच मानसशास्त्रज्ञ मेमी. सुरुवात 1939 पासून करा, कारण हॉवर्ड युनिव्हर्सिटीतला मेमीचा मास्टर्सचा थीसिस लहान कृष्णवर्णीय मुलांना स्वतःची जाणीव कशी होते यावरच होता, डॉल टेस्ट त्यातनंच पुढे आली, आणि मूळ काम मेमीचं हे केनेथनेही नंतर सांगितलंय.

मग टेस्ट दाखवा, इथे घाई नको. चार बाहुल्या, सगळ्या सारख्या, अंगावर फक्त लंगोट, दोन तपकिरी काळ्या केसांच्या, दोन गोऱ्या पिवळ्या केसांच्या. 3 ते 7 वर्षांची 253 कृष्णवर्णीय मुलं. आधी विचारायचं, खेळायला कुठली आवडेल, छान कुठली, वाईट कुठली दिसते, आणि सगळ्यात शेवटी, तुझ्यासारखी दिसते ती दे. हा क्रम वर्गात नीट समजावाच, कारण आधी करून बघताना लक्षात आलेलं की मूल एकदा 'ही माझ्यासारखी' म्हणालं की आवडीची म्हणूनही तीच उचलतं, म्हणून तो प्रश्न मुद्दाम मागे ठेवला. केवढी बारीक नजर आहे ही! 67 टक्के मुलांनी खेळायला गोरी बाहुली घेतली, वाईट दिसणारी म्हणून 59 टक्क्यांनी तपकिरी.

आता बरेच जण गाळतात ते. अमेरिकेच्या उत्तरेत गोऱ्यांबरोबर एकाच शाळेत जाणाऱ्या मुलांत खेळायला गोरी घेणारी 72 टक्के निघाली, दक्षिणेत फक्त कृष्णवर्णीयांसाठीच्या वेगळ्या शाळांतली 62. हे लपवू नका, त्यामुळे 'सगळा दोष वेगळ्या शाळांचा' असं एका ओळीत उरकता येत नाही. इथेच कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ आयनेझ प्रॉसरला आणा, तिने सिनसिनाटी युनिव्हर्सिटीत 1933 मध्येच दोन्ही प्रकारच्या शाळांतल्या कृष्णवर्णीय मुलांची तुलना केली होती, आणि पुढच्याच वर्षी ती मोटार अपघातात गेली.

1954 चा ब्राउन निकाल (अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या तो) सगळ्यांना माहीत असतो, तो पटकन सांगा. त्याआधीचा व्हर्जिनिया राज्यातला वेगळ्या शाळांविरुद्धचा खटला मात्र सोडू नका. कोलंबियात मेमीचे पीएचडीचे गाइड हेन्री गॅरेट, ते राज्याच्या बाजूने, म्हणजे वेगळ्या शाळा टिकाव्यात म्हणून साक्षीला उभे राहिले आणि त्यांना खोडून काढायला त्यांचीच विद्यार्थिनी उभी राहिली.

शेवटची पाच मिनिटं नॉर्थसाइड सेंटरला ठेवा. क्लार्क दांपत्याने 1946 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी काढलेलं, अजून चालू आहे, आणि सुरुवातीच्या कामातलं एक म्हणजे शाळांनी मतिमंद ठरवलेल्या पोरांची पुन्हा बुद्धिमापन चाचणी घेणं.