ऋषिकेश ते रुद्रप्रयाग : खिडकी कुठली पकडायची?

बद्री-केदारला निघालो की बसमध्ये मिळेल ती खिडकी धरतो, आणि मग निम्मी वाट नुसता खोदलेला डोंगर बघत जाते. जागा निवडताना एवढंच बघा :

१. ऋषिकेशहून निघताना उजवी खिडकी, म्हणजे ड्रायव्हरची बाजू. शिवपुरी, ब्यासी, कौडियाला, सगळीकडे गंगा उजव्या हाताला खाली दिसते.

२. साधारण ७० किलोमीटरवर देवप्रयाग. भागीरथी आणि अलकनंदेचा संगम इथेच. दोन्ही पाण्यांचे रंग बऱ्याचदा वेगळे दिसतात, त्यामुळे डुलकी लागली असेल तर शेजाऱ्याला उठवायला सांगून ठेवा.

३. कीर्तिनगरला पूल ओलांडला की नदी डावीकडे येते. श्रीनगरला चहाला उतरलात की समोरच्या बाजूच्या कुणाशी जागा बदला. मागितली तर बहुतेक जण देतात. पुढे धारीदेवीचं मंदिरही डावीकडेच, खाली नदीत.

परतताना सगळं उलट.

मळमळणाऱ्यांनी मात्र नदीचा मोह सोडून पुढची सीट घ्यावी. आणि उजव्या खिडकीतून मोबाइल धरलेला हात बाहेर काढू नका, समोरून येणाऱ्या गाड्या अगदी घासून जातात.