अमेरिकेत रीफायनान्सवर सही झाली, तरी तीन दिवस हातात असतात

अमेरिकेत राहत्या घरावर नव्या बँकेकडून रीफायनान्स (जुनं गृहकर्ज फेडण्यासाठी काढलेलं नवं कर्ज) किंवा होम इक्विटी कर्ज (घरातल्या स्वतःच्या मालकीच्या हिश्श्यावर काढलेलं कर्ज) घेतलंत आणि सहीनंतर मन बदललं, तर कारण न देता ते रद्द करता येतं. १९६८च्या 'ट्रुथ इन लेंडिंग' कायद्याने दिलेला हा हक्क आहे. घर विकत घेण्यासाठी काढलेल्या कर्जाला मात्र तो नाही, भाड्याने दिलेल्या घरालाही नाही.

मुदत तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी मध्यरात्री संपते. गोंधळ होतो तो इथेच: या मोजणीत शनिवार धरतात, फक्त रविवार आणि केंद्रीय सुट्ट्या वगळतात. गुरुवारी सही केलीत तर शुक्रवार, शनिवार, सोमवार. सोमवारी रात्री बारापर्यंत वेळ.

फोनवर सांगून भागत नाही, लेखीच कळवावं लागतं. क्लोजिंगच्या, म्हणजे कर्जाच्या कागदांवर सह्या करण्याच्या, वेळी मिळालेल्या रद्द करण्याच्या सूचनेवर सही करून त्यावरच्या पत्त्यावर पाठवा. टपालात टाकल्याची तारीख ग्राह्य धरतात, म्हणून सर्टिफाइड मेलची पावती जपाच. घर पती-पत्नी दोघांच्या नावावर असेल आणि दोघं तिथेच राहत असतील, तर एकाने कळवलं तरी पुरे.

त्यानंतर वीस दिवसांत बँकेने तुमच्याकडून घेतलेली फी परत करून घरावरचा बोजा उतरवायचा असतो. ही सूचना किंवा कर्जाच्या खर्चाचा महत्त्वाचा तपशील तुम्हाला दिलाच नसेल, तर रद्द करण्याची मुदत तीन वर्षांपर्यंत लांबू शकते. अशा वेळी वकिलाला कागद जरूर दाखवा.