निर्यातदारांच्या संघटनेचा अर्ज भरण्याआधी

गोव्यातल्या सत्तरीत आमसोलांचा हंगाम एप्रिल-मेचा. भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडायची, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात टाकायची, पुन्हा बुडवायची. हात मोकळे होतात ते थेट पहिल्या पावसाला. मी आणि माझ्या जाऊबाई, आम्ही दोघींनी निर्यातदारांच्या संघटनेत जायचं ठरवलं, त्या पावसाळ्याचे पाच आठवडे नुसत्या तयारीत गेले. पेडणे, डिचोली, फोंडा, काणकोण इथून जे पहिल्यांदाच माल बाहेर पाठवायच्या विचारात आहेत त्यांचे हेलपाटे वाचावेत, म्हणून ती तयारी इथे सांगते.

सगळ्यात आधी दार कुठलं ते ठरवा, कारण दारं दोन आहेत आणि लोक ती हमखास एकात मिसळतात. पहिलं दार सरकारी मंडळांचं. तिथून नोंदणी आणि सभासदत्वाचं प्रमाणपत्र मिळतं. त्याला सगळे आरसीएमसी म्हणतात आणि परकीय व्यापार धोरणातल्या बहुतेक सवलतींसाठी ते लागतं. मासळी आणि कोळंबीवाल्यांनी एमपीडाकडे, म्हणजे सागरी मालाच्या निर्यातीच्या मंडळाकडे, जायचं, ते 1972 च्या कायद्याने झालं. आंब्याचा रस, फणसाचे तळलेले गरे, लोणची हे अपेडाचं, म्हणजे शेतमाल आणि प्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांच्या निर्यातीच्या मंडळाचं काम, त्याचा कायदा 1985 चा. आम्ही भिरंड फळ म्हणून आधी तिकडेच निघालो होतो. पण मसाले मंडळाच्या 52 मसाल्यांच्या यादीत कोकम आहे, म्हणजे आमसोलासाठी दार मसाले मंडळाचं. तुमच्या मालाला कोण प्रमाणपत्र देतं हे परकीय व्यापार महासंचालनालयाच्या परिशिष्ट 2टी मध्ये दिलेलं असतं. काजूवाल्यांनी तर ही ताजी यादी उघडल्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावर जाऊ नये, मग सांगणारा कितीही जुना व्यापारी असो. माल चार तऱ्हेचा असेल तर 1965 साली स्थापन झालेल्या फिओचाही, म्हणजे भारतीय निर्यात संघटनांच्या महासंघाचाही, विचार करावा.

दुसरं दार आपखुशीच्या संघटनांचं. पणजीतलं गोवा चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री 1908 पासून आहे. शिवाय एकेका मालाच्या व्यापाऱ्यांच्या आपापल्या संघटना असतात. त्यांच्या वर्गणीच्या पावतीने निर्यातीची सवलत मिळत नाही. तिथे माणसं मिळतात, मालाचे दर कळतात, कुठला ग्राहक पैसे थकवतो ते कळतं. आम्हाला दोन्ही दारं हवी होती, पण क्रम सरकारी दाराचा आधी ठेवला. प्रमाणपत्र हातात असलं की संघटनेतही आपलं म्हणणं गांभीर्याने घेतात, हा माझा अनुभव.

आता कागद. घरातलं मोठं टेबल रिकामं करा आणि पॅन, जीएसटी, उद्यम म्हणजे लघुउद्योगाची नोंदणी, अन्नसुरक्षेचा परवाना, आयात-निर्यात कोड, बँकेचं पासबुक, भागीदारीचा करार असं सगळं शेजारी शेजारी मांडा. मजकूर वाचू नका, फक्त व्यवसायाचं नाव आणि पत्ता वाचा, तोही अक्षर अन् अक्षर बोट ठेवून. आमच्या पॅनवर दोन नावांच्या मध्ये ‘अँड’ अक्षरांत लिहिलेलं होतं, बँकेत त्या जागी नुसतं चिन्ह होतं, आणि परवान्यावर गावाच्या नावात एक अक्षर जास्त. जाऊबाईंनी पेन्सिलीने तिन्ही ठिकाणी गोल केले. तेव्हा मला वाटलं, एवढ्यासाठी कोण अडवतंय? बँकेने अडवलं. बाहेरून आलेले नमुन्याचे पैसे नाव जुळत नाही म्हणून एकोणीस दिवस खात्यात पडले नाहीत, आणि संघटनेचा अर्जही त्याच कारणाने एकदा परत आला. दुरुस्तीची सुरुवात पॅनपासून करा, कारण बाकीचे कागद त्याच्या मागे चालतात. आयात-निर्यात कोडचा क्रमांक म्हणजे तर आता पॅनच.

या कोडची फी 500 रुपये. काढला की विसरायचा असं मात्र नाही. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात संकेतस्थळावर जाऊन माहिती तपासून पक्की करावी लागते, काही बदललं नसलं तरीही. ते राहिलं तर कोड निष्क्रिय होतो. हे तीन महिने नेमके आमच्या भिरंडांचे, काजूचे आणि आंब्याचे, म्हणून गोव्यातल्या माणसाने हे काम 1 एप्रिललाच उरकावं.

अन्नसुरक्षेचा परवाना निर्यातीसाठी केंद्रीय लागतो, आणि जो पदार्थ पाठवणार तो त्यात नमूद असायला हवा. जीएसटी न भरता माल पाठवायचा तर हमीपत्र दर आर्थिक वर्षी नव्याने द्यायचं. बँकेकडून एडी कोडचं, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या तिच्या शाखेच्या क्रमांकाचं, पत्र घ्या आणि माल जिथून निघणार त्या कस्टममध्ये त्याची नोंद करा. आमचा माल न्हावाशेवाहून जातो, मुरगावहून नाही. हे आधीच ठरलेलं होतं म्हणून ते काम एका खेपेत झालं.

अर्जात निर्माता की व्यापारी असं विचारतात. स्वतः बनवत असाल तर निर्माता लिहा आणि कारखान्याचे कागद जोडा. दुसऱ्याचा माल घेऊन पाठवत असाल तर व्यापारी लिहायला लाजू नका. भागीदारी असेल तर सही कोण करणार याचं अधिकारपत्र, कंपनी असेल तर ठराव. आरसीएमसी साधारणपणे 5 वर्षांचं असतं आणि वर्ष 1 एप्रिलपासून मोजतात, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये घाई करून पहिलं वर्ष घालवू नका.

कागदांइतकाच नमुना महत्त्वाचा, आणि इथे आमची तयारी कमी पडली होती. संघटनेच्या कार्यालयात आम्ही पाव किलोची पिशवी घेऊन गेलो. तिथल्या एका ज्येष्ठ सभासदांनी आमसोलं कागदावर ओतली. बोलले काहीच नाहीत. एक पाकळी उचलून अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळली. बोटांवर मिठाचे बारीक खडे राहिले आणि कागदावर ओलसर, तांबडा डाग उमटला. “बाई, मीठ किती टक्के? आणि पाणी?” आम्ही एकमेकींकडे बघितलं. चार पिढ्या घरात आमसोलं होतात, पण आकडा कुणीच काढला नव्हता. ते शांतपणे म्हणाले, “तिकडचा ग्राहक हेच विचारणार, आणि दर वेळी तोच आकडा मागणार.” म्हणून जाण्याआधी एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ, त्याची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून पाण्याचं प्रमाण, मीठ आणि वरून रंग घातलेला नाही याचा अहवाल आणा. पावसाळ्यात नुसत्या प्लॅस्टिकमध्ये आमसोलं पाणी सोडतात, तेव्हा पिशवी जाड आणि हवाबंद हवी, आणि जायच्या आदल्या दिवशी ती एकदा फोडून बघायची. काजूवाल्यांना त्यांची प्रत तोंडपाठ असायला हवी: डब्ल्यू 320 म्हणजे एका पौंडात 300 ते 320 गर, आणि ओलावा 5 टक्क्यांच्या आत.

आपखुशीच्या संघटनेत पैसे भरण्याआधी तिची घटना मागून घ्या. सहयोगी सभासदाला मत आहे का, वर्गणीचं वर्ष कधी संपतं, प्रवेश फी परत मिळते का, मूळ देशाचा दाखला संघटना स्वतः देते का, हे त्यातच वाचा. सूचक आणि अनुमोदक लागत असतील तर ओळखीचे म्हणून कुणालाही घेऊ नका. तुमच्याच तऱ्हेचा, तुमच्याएवढाच माल करणारा सभासद शोधा आणि त्याला एकच विचारा: गेल्या वर्षी संघटनेमुळे तुमचं कोणतं काम झालं? आमच्या सूचक काणकोणच्या, खोल्याची मिरची पाठवणाऱ्या बाई. त्यांनी उत्तर म्हणून न्हावाशेवाला अडकलेल्या एका खेपेची फाइलच पुढे ठेवली. मग आम्ही वर्गणी भरली.

तुमच्याकडूनही काही न्या. आम्ही सत्तरीतल्या अकरा घरांची यादी नेली, कुठल्या घरात किती आमसोलं होतात त्यासकट. एका घराचा माल खेपेला पुरत नाही आणि संघटनेला नेमकी तीच माहिती हवी होती.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आता लाल पेनाने खुणा आहेत: 1 एप्रिलला कोड आणि हमीपत्र, दर तिमाहीला निर्यातीचं विवरण, सप्टेंबरमध्ये संघटनेची सर्वसाधारण सभा. सभेला यंदा जाऊबाई जाणार आहेत, मिठाच्या टक्क्यांचा अहवाल घेऊन.