फांदीचा सांधा पाहा: इंदूरजवळच्या जंगलात परजीवी वनस्पती कशा ओळखाव्यात

इंदूरहून खंडवा रस्त्याने सिमरोलच्या पुढे चोरलकडे जाताना सागाचे पानगळी जंगल लागते. परजीवी वनस्पती पाहायला तिथे माघ-फाल्गुनात जावे. त्या दिवसांत झाडे निष्पर्ण असतात आणि एखाद्या उघड्या फांदीवर हिरवागार झुबका दिसला, तर ते बहुधा बांडगूळ असते. आपल्याकडे हिंदीत त्याला बांदा म्हणतात. सोबत दुर्बीण आणि साधे भिंग असावे.

झुबका दिसला म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये. आधी तो फांदीला जिथे जोडलेला आहे, तो सांधा पाहावा. खरा परजीवी असेल, तर तिथे फांदी गाठीसारखी फुगलेली दिसते, कारण बांडगुळाची शोषकमुळे साल भेदून लाकडात शिरलेली असतात आणि झाडाने मुळांनी ओढून आणलेले पाणी व क्षार तिथूनच घेतात. पाने हिरवी असल्यामुळे अन्न मात्र ते बऱ्याच अंशी स्वतः तयार करते, म्हणून त्याला अर्धपरजीवी म्हणतात. सांध्याच्या पुढचा फांदीचा भाग खुरटलेला किंवा वाळलेला आहे का, हेही तपासावे. यजमान झाडाचे, म्हणजे ज्यावर परजीवी वाढतो त्या झाडाचे, नुकसान तिथेच सर्वांत आधी दिसते. झाडावर वाढणारी ऑर्किडे सालीला केवळ धरून असतात, त्यांची मुळे आत शिरत नाहीत. त्यांना परजीवी समजण्याची चूक फार होते.

अमरवेल ओळखणे सोपे आहे. पिवळसर, पर्णहीन दोऱ्यांचे जाळे झुडपावर पसरलेले असते. तिचे बी जमिनीत रुजते, परंतु वेलीला यजमान सापडताच जमिनीशी असलेला संबंध तुटतो आणि ती पाणी व अन्न दोन्ही यजमानाकडूनच घेते. तुटलेला तुकडाही नव्या झाडाला चिकटून वाढू शकतो, म्हणून नमुना तोडून घरी आणू नये आणि वाटेत तर मुळीच टाकू नये.

बांडगुळापाशी पंधरा-वीस मिनिटे शांत बसावे, असा माझा आग्रह आहे. फळे पिकलेली असतील, तर फुलटोचा हा चिमुकला पक्षी येतो, फळ गिळतो आणि चिकट बी फांदीवर घासून टाकतो. नवे बांडगूळ असेच रुजते. त्याच्या नारिंगी, नळीसारख्या फुलांवर शिंजीर पक्षी मधासाठी येतात. पानांच्या मागच्या बाजूला सुरवंटांचा घोळका दिसला, तर तो हळदी-कुंकू या फुलपाखराचा असू शकतो, कारण त्याची मादी बांडगुळाच्या पानांवरच अंडी घालते. आयतोबा माणसाला आपण बांडगूळ म्हणतो, पण जंगलात इतक्या जिवांना पोसणाऱ्या वनस्पतीचे नाव शिवीसारखे वापरणे मला अन्यायाचे वाटते.

काही परजीवी मात्र सांधा पाहूनही ओळखू येत नाहीत. चंदनाची मुळे जमिनीखाली शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटून पोषण घेतात, म्हणूनच रोपवाटिकेत चंदनाच्या रोपाशेजारी तूर लावतात. तिथे खणून पाहू नये. आसपास कोणती झाडे आहेत, एवढेच टिपावे.

वहीत प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहाव्यात: यजमान झाड, सांध्याची अवस्था, पुढच्या फांदीची अवस्था आणि तिथे आलेले पक्षी-कीटक. पावसाळ्यानंतर त्याच झाडापाशी पुन्हा जावे आणि जुन्या नोंदीशी ताडून पाहावे.