दारापलीकडचं जग: कुणाला कोणता ॲनिमे सुचवावा, आणि कसा

‘एखादा चांगला ॲनिमे सांग ना, त्या मुलीसारखा, जी कुठल्या तरी भुताखेतांच्या जगात जाते.’ असं कुणी विचारलं की आपण हौसेने ॲनिमेची, म्हणजे जपानी ॲनिमेशनच्या सिनेमांची आणि मालिकांची, सात-आठ नावं पाठवून देतो. ती यादी व्हॉट्सॲपवर वाचली जाते, तिला अंगठा मिळतो आणि विषय संपतो. सुचवायचं असेल तर एकच नाव सुचवावं, पण विचारणाऱ्याचं माप घेऊन. ते माप कसं घ्यायचं ते पुढे सांगितलं आहे.

आधी दार बघा

या प्रकारच्या गोष्टींना सरसकट ‘इसेकाई’ म्हणतात. जपानीत त्याचा अर्थ ‘वेगळं जग’ एवढाच. पण त्या एका शब्दाखाली तीन निरनिराळे प्रकार येतात, आणि चुकीची शिफारस होते ती बहुतेक वेळा इथेच. फरक ओळखायला एक प्रश्न पुरतो: गेलेल्याला परत येता येतं का?

पहिला प्रकार: जातो, अडकतो, धडपडून परत येतो. याच्या मुळाशी ‘कामिकाकुशी’ ही जुनी जपानी समजूत आहे. माणूस अचानक नाहीसा झाला की त्याला देवांनी लपवलं, असं म्हणत. आपल्याकडे रानात वाट चुकून माणूस रात्रभर त्याच त्या जागी फिरत राहिला की ‘चकवा लागला’ म्हणतात, त्याच्या जवळपासची ही कल्पना. त्या मुलीच्या सिनेमाच्या, म्हणजे ‘स्पिरिटेड अवे’च्या, मूळ जपानी नावात हा शब्द आहेच.

दुसरा प्रकार: ये-जा चालू असते. ‘इनुयाशा’तली कागोमे घराच्या आवारातल्या जुन्या विहिरीतून पाचेकशे वर्षं मागे, लढायांच्या काळात जाते आणि शाळेच्या परीक्षेसाठी परतही येते.

तिसरा प्रकार: परतीचा रस्ता बंद. नायक मरून तिकडे जन्म घेतो, किंवा एका क्षणात तिकडे फेकला जातो. नंतर सगळी गोष्ट तिकडेच घडते. ‘री:झीरो’, ‘कोनोसुबा’, ‘मुशोकू तेनसेई’ ही या गटातली नावं. गेल्या दहा-बारा वर्षांत याच प्रकाराचा पूर आला आहे. त्यामुळे इंटरनेटवर ‘इसेकाई’ शोधलं की हेच पुढे येतं.

विचारणाऱ्याने ‘त्या मुलीसारखा’ म्हटलं असेल तर त्याला पहिला प्रकार हवा आहे. त्याला तिसऱ्यातलं काही दिलंत तर तलवारी, व्हिडिओ गेमसारख्या लेव्हल आणि गिल्ड (साहसवीरांचे संघ) बघून तो दुसऱ्या भागातच उठेल आणि ‘ॲनिमे आपल्याला जमत नाही’ असं ठरवून टाकेल. जमला नाही तो प्रकार, ॲनिमे नव्हे.

मग वय आणि धीर

चित्रं गोड दिसतात म्हणून मालिका मुलांची असेल, हा समज फार महागात पडतो. ‘मेड इन अबिस’ (२०१७, १३ भाग) हे त्याचं ठळक उदाहरण. गोल चेहऱ्यांची, टपोऱ्या डोळ्यांची मुलं एका अथांग विवरात उतरतात. सुरुवातीचे भाग एखाद्या सुंदर सहलीसारखे वाटतात. दहाव्या भागात त्यातल्या मुलीच्या हाताला विष लागतं, आणि त्यानंतर जे दाखवलं आहे ते मोठ्यांनाही बघवत नाही. याच कथेचा पुढचा चित्रपट जपानमध्ये १५ वर्षांखालच्यांना बंद होता. मालिका उत्तम आहे, पण ती पोस्टर बघून चौथीतल्या मुलाला लावून देऊ नका.

भारतात ओटीटीवर प्रत्येक शीर्षकाला यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ किंवा ए अशी खूण असते. ती बघाच, पण तेवढ्यावर थांबू नका. खूण वय सांगते, भीती कशाची वाटेल ते सांगत नाही. ‘स्पिरिटेड अवे’मध्ये रक्त थोडंच आहे. तरी पाच-सहा वर्षांच्या मुलाला पहिल्या वीस मिनिटांतच धडकी भरू शकते, कारण आई-बाबा डोळ्यांदेखत डुक्कर होतात. त्या वयाला राक्षसापेक्षा आई हरवण्याची भीती मोठी असते. सात-आठच्या पुढे आणि शेजारी कुणी मोठं बसलेलं असेल, तर काही अडचण येत नाही.

मनातल्या जुन्या जखमांचं थोडं विचारून घ्या. ‘सुझुमे’ (२०२२) उजाड पडलेल्या जागांतली दारं बंद करत फिरणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीची गोष्ट आहे. दिसायला ती साहसकथा, पण तिच्या तळाशी ११ मार्च २०११ चा भूकंप आणि त्सुनामी आहे. त्यात भूकंपाच्या इशाऱ्याचे मोबाइलचे आवाज वाजतात. जपानमध्ये प्रेक्षकांना त्याची आगाऊ सूचना दिली होती. १९९३ चा किल्लारीचा भूकंप ज्या घराने भोगला आहे, तिथे हा सिनेमा न सांगता लावू नये. तसंच ‘द बॉय अँड द हेरन’मध्ये (२०२३) बारा वर्षांचा मुलगा स्वतःच्या डोक्यात दगड मारून घेतो. ‘लोनली कॅसल इन द मिरर’मध्ये (२०२२) शाळेतला छळ आणि घरातल्या असुरक्षिततेचा एक प्रसंग आहे. हे कथानक फोडणं नव्हे. औषधाच्या बाटलीवर सूचना असते, तसं हे समजा.

वेळेचा हिशोब

टीव्ही मालिकेचा एक भाग साधारण २४ मिनिटांचा. त्यातलं सुरुवातीचं गाणं दीड मिनिट, शेवटचं दीड मिनिट. म्हणजे गोष्ट २०-२१ मिनिटांची. बारा-तेरा भागांचा एक हंगाम सव्वाचार-साडेचार तासांत संपतो, म्हणजे दोन मराठी नाटकांएवढा वेळ. ‘इनुयाशा’ मात्र १६७ भाग आणि त्यावर शेवटचे २६. गाणी वगळूनही साठ-पासष्ट तास होतात. लोकलमध्ये रोज एक भाग बघणाऱ्याला ती सहा महिने पुरेल, रविवारची एक दुपार मोकळी असलेल्याला नाही.

पहिल्यांदाच बघणाऱ्याला सिनेमाच द्या. मालिकेत पुढचा भाग लावायचा निर्णय दर वीस मिनिटांनी घ्यावा लागतो, आणि नवखा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या निर्णयाला गळतो.

आता नाव निवडा

घरात सगळे मिळून बघणार असतील आणि त्यात लहान मूल असेल तर ‘द कॅट रिटर्न्स’ (२००२). फक्त ७५ मिनिटं. हारू नावाची मुलगी ट्रकखाली येणाऱ्या मांजराला वाचवते, ते मांजर राजपुत्र निघतं आणि उपकार फेडायला मांजरांचं राज्य तिच्या दारात येतं. घाबरण्यासारखं जवळजवळ काहीच नाही. पुढच्या सगळ्या गोष्टींची सवय व्हायला ही उत्तम पहिली पायरी.

मूल डोरेमॉनवर वाढलं असेल तर काम आणखी सोपं. डोरेमॉनच्या चित्रपटांत नोबिता आणि मित्रमंडळी दर वेळी कुठल्या ना कुठल्या अनोख्या जगात जाऊन परत येतातच. ‘डोरेमॉनच्या पिक्चरसारखं, पण गॅजेट नाहीत’ एवढं वाक्य पुरतं.

दहा वर्षांपुढच्या कुणालाही, अगदी साठीच्या माणसालाही, ‘स्पिरिटेड अवे’ (२००१, १२५ मिनिटं). दिग्दर्शक हायाओ मियाझाकी, स्टुडिओ जिबली. लिहितात घिबली, पण उच्चार ‘जि’ने. बर्लिनचं सुवर्ण अस्वल आणि सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर याला मिळालं आहे. पण पुरस्कार सांगून कुणी सिनेमा बघत नाही. त्यापेक्षा त्यातली एक जागा दाखवा. चिहिरो नोकरी मागायला युबाबा या जादूगारणीकडे जाते. करारावर ती आपलं नाव चार चित्राक्षरांत लिहिते. युबाबा त्यावरून हात फिरवते तशी तीन अक्षरं कागदावरून सुटून तिच्या मुठीत जातात. उरतं एकच, ‘सेन’. आजपासून तुझं नाव हे. पूर्ण नाव विसरली तर परतीची वाट कायमची बंद. दुसऱ्या दिवशी तिथे तिला मदत करणारा मुलगा हाकू तिला भाताचे मुटके खायला देतो. पहिले घास ती मुकाट्याने खाते आणि मग डोळ्यांतून मोठाले थेंब ओघळायला लागतात. तोवर ती रडलेली नसते असं नाही, पण हे रडणं वेगळं. जेवण समोर आल्यावर बांध फुटतो, हे मराठी घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तिथल्या देवांच्या गर्दीने नवा प्रेक्षक गोंधळतो. त्याला आधीच सांगा: आपले तेहतीस कोटी, तसे त्यांचे ऐंशी लाख. नदीचा देव, मुळ्याचा देव, सगळे दमूनभागून या हमामखान्यात आंघोळीला येतात. कोकण-गोव्यात राखणदार ऐकून मोठा झालेला माणूस हे लगेच पकडतो. हाकू नक्की कोण, हे मात्र कितीही मोह झाला तरी सांगू नका.

‘नारुतो’सारख्या हाणामारीच्या मालिका आवडणाऱ्या मुलाला ‘द बॉय अँड द बीस्ट’ (२०१५, ११९ मिनिटं, दिग्दर्शक मामोरू होसोदा). टोकियोच्या शिबुयातल्या गल्लीतून नऊ वर्षांचा रेन प्राण्यांच्या जगात शिरतो आणि अस्वलासारख्या एका आडदांड गुरूकडे राहतो. दोघांनाही एकमेकांना कसं सांभाळायचं ते कळत नाही. बाप-लेकाने एकत्र बघावा असा सिनेमा.

शाळेत मन रमत नसलेल्या आठवी-नववीतल्या मुलीला किंवा मुलाला ‘लोनली कॅसल इन द मिरर’, वरची सूचना लक्षात ठेवून. आरसा चमकतो, पलीकडे किल्ला, त्यात सात मुलं. संध्याकाळी पाचच्या आत परत यायचं, नाहीतर लांडगा खाणार. कोड्यासारखी रचना आहे, त्यामुळे ‘उपदेश करणारा सिनेमा लावलाय’ असा संशय मुलांना येत नाही.

‘द बॉय अँड द हेरन’ कुणालाही पहिला देऊ नका. तो जिबलीचे तीन-चार सिनेमे बघून झाल्यावर, शांत डोक्याने बघायचा. तसाच नियम ‘कोनोसुबा’ला. या प्रकाराची टिंगल करणारी ती विनोदी मालिका आहे (पहिला हंगाम दहा भागांचा), आणि ज्याने मूळच बघितलं नाही त्याला टिंगल कशी कळणार?

परतीचा रस्ता नसलेलंच हवं असेल तर सोळा वर्षांपुढच्यांना ‘री:झीरो’ (२०१६, पहिला हंगाम २५ भाग). नायक सुबारू मरतो की गोष्ट ठरावीक ठिकाणी मागे जाते आणि आठवण एकट्या त्यालाच राहते. पहिला भाग जवळपास दुप्पट लांबीचा आहे, हे आधी सांगा. ‘मुशोकू तेनसेई’ची तारीफ खूप ऐकू येते, पण नायकाचं बायकांशी वागणं अनेकांना किळसवाणं वाटतं. ओळखीतल्या शाळकरी मुलाला ती सुचवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

भाषा आणि सबटायटल

आजी-आजोबांसोबत बघायचं तर हिंदी डबिंग आहे का ते आधी तपासा. ‘सुझुमे’ भारतात चित्रपटगृहांत एप्रिल २०२३ मध्ये आला तेव्हा तो हिंदीतही लागला होता. बाकीच्यांना जपानी आवाज आणि इंग्रजी सबटायटल चांगले. इथे एक बारीक खोच आहे: ‘इंग्रजी सीसी’ लिहिलेली सबटायटल बहुधा इंग्रजी डबिंगवर बेतलेली असतात. जपानी आवाजासोबत ती लावली तर पात्र एक बोलतं आणि खाली दुसरंच दिसतं. साधं ‘इंग्रजी’ निवडा.

जिबलीचे सिनेमे २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर भारतात आले. मालिकांसाठी क्रंचीरोल हे ॲनिमेचं ओटीटी बघा. पण हक्क बदलत राहतात, म्हणून नाव पाठवण्याआधी त्याच दिवशी शोधून खात्री करा. सुचवलेलं सापडलंच नाही तर तो माणूस पुन्हा विचारत नाही.

निरोप कसा लिहावा

चार गोष्टी पुरेत: नाव, लांबी, कुठे मिळेल आणि एक प्रसंग. सुरुवातीच्या पंधरा मिनिटांपलीकडचं काही नको. उदाहरणार्थ:

‘स्पिरिटेड अवे, दोन तास पाच मिनिटं, नेटफ्लिक्स. आई-बाबा रस्त्यात थांबून कुणाचं तरी जेवण न विचारता खायला बसतात आणि मुलगी नको नको म्हणत राहते. तिथून पुढे बघ. फोन बाजूला ठेव, मध्ये शांत जागा आहेत, त्यात काही घडत नाही असं वाटेल.’

शेवटचं वाक्य गाळू नका. मियाझाकींच्या सिनेमात पात्रं नुसती बसतात, खिडकीबाहेर बघतात. मुलगी पाण्यावरून जाणाऱ्या आगगाडीत बसते, तेव्हा बराच वेळ कुणी फारसं बोलतच नाही. सवय नसलेला माणूस नेमका तिथे फोन उचलतो.

‘मास्टरपीस आहे, बघच’ हे कधीच लिहू नये. नाही आवडलं तर तो बिचारा स्वतःलाच कमी समजतो आणि तुम्हाला खोटं सांगतो.

तीन-चार दिवसांनी

‘आवडला का?’ असं विचारू नका, उत्तर ‘हो, छान’ येतं. ‘कुठे थांबलास?’ विचारा. ‘डुकरांपाशी बंद केला, मुलगी रडायला लागली’ असं आलं तर ‘द कॅट रिटर्न्स’वर या. ‘संथ वाटला’ तर ‘द बॉय अँड द बीस्ट’. पूर्ण बघून ‘तो काळा, मुखवट्यावाला कोण होता?’ असं विचारलं, तर उत्तर देऊ नका. ‘तुला काय वाटतं?’ एवढं विचारा आणि पुढचं नाव तयार ठेवा.