सुरक्षा-सूचनांचे मेल नेमके अडतात कुठे

फोन, ब्राउझर, राउटर यांतल्या सुरक्षेच्या त्रुटी आणि त्यांवरचे अपडेट कळवणाऱ्या मेल-सूचनांसाठी नाव नोंदवूनही त्या येत नसतील तर आधी स्पॅम बघा. नोंदणीनंतर खात्रीचा मेल येतो. त्यातली लिंक दाबेपर्यंत नोंदणी पक्की होत नाही, आणि बऱ्याचदा तोच मेल स्पॅममध्ये जाऊन बसतो. मी तो बाहेर काढून नोंदणी पक्की केली, पाठवणाऱ्याचा पत्ता संपर्कांत घातला, फिल्टर लावून वेगळं लेबल दिलं. सूचनांचे विषय सगळे निवडले नाहीत, वापरात आहे तेवढंच: फोन, ब्राउझर, राउटर. राउटरचं मॉडेल खालच्या स्टिकरवर असतं, पण फर्मवेअरची, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरची, आवृत्ती सेटिंगमध्येच बघावी लागते. दोन्ही लिहून ठेवली, नाहीतर सूचना आपल्याला लागू आहे की नाही हेच कळत नाही. धंद्यासाठी सामाईक पत्ता दिला. एकट्याच्या नावावर असलं की तो रजेवर गेला, सूचना पडून.

पुढे मात्र सूचनेतल्या लिंकवरून अपडेट उतरवायचं नाही. चोरटे अशा मेलची हुबेहूब नक्कल करतात, तीही घाबरवणाऱ्या भाषेत. मजकूर वाचायचा, मेल बंद करायचा, उपकरणाच्या सेटिंगमधून अपडेट तपासायचं. ‘या त्रुटीचा गैरवापर सुरू आहे’ असं लिहिलं असेल तर त्याच दिवशी; बाकीचं आठवड्यातून एकदा बसून उरकता येतं.