घरकुलाचा दुसरा हप्ता अडकला होता, तो कसा सुटला

आईच्या नावावर प्रधानमंत्री आवास योजनेचं (ग्रामीण) घरकुल मंजूर झालं. आमच्यासारख्या सपाट भागात १,२०,००० रुपये हप्त्याहप्त्याने मिळतात. पहिला हप्ता नीट आला. जोत्यापर्यंत बांधकाम झालं, अभियंत्यांनी जागेवर येऊन फोटोही काढले, पण दुसरा येईना. पावसाळा तोंडावर, आणि आई रोज पासबुक घेऊन बँकेत! तिची ती फरफट बघवत नव्हती.

पंचायत समितीत विचारलं तेव्हा कळलं, पैसे निघाले होते पण परत गेले. मध्यंतरी बचत गटासाठी आईने दुसऱ्या बँकेत खातं काढलं, तिथे आधार जोडलं. सरकारी पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, आणि ते खातं केवायसीअभावी बंद पडलेलं. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहिलं, तर खरंच त्याच बँकेचं नाव.

मग जुन्या बँकेत आधार जोडणीचा फॉर्म पुन्हा भरला, स्टेटस बदलल्यावर त्याची प्रत पंचायत समितीत दिली आणि हप्ता पुन्हा पाठवायला लावला. तो आला. घरकुलाच्या बांधकामासाठी रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी वेगळी असते, तीही मागून घ्या. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

परवा स्लॅब टाकून झाला.